व्याख्येच्या आधीची दहा वर्षे

फॅसिझम म्हणजे काय, या प्रश्नाचे अधिकृत उत्तर इटलीस मिळाले ते 1932 साली, जेव्हा तेथील राष्ट्रीय ज्ञानकोशात मुसोलिनीच्या नावाने, परंतु पुष्कळ अंशी तत्त्वज्ञ जेंतिले याच्या लेखणीतून उतरलेला, त्या मताचा प्रपंच प्रसिद्ध झाला. आणि तोवर मुसोलिनीच्या अंमलास दहा वर्षे होत आली होती. सबब या राजकारणाची पूर्वचिन्हे ज्यास पाहावयाची असतील, त्याने तो पांडित्यपूर्ण लेख बाजूस ठेवून पो नदीच्या खोऱ्याकडे वळावे, हे बरे.

तेथे शेतमजुरांचे संघ प्रबळ होऊन मजुरीचे दर ठरवू लागले होते व जमीनदारांस ते असह्य झाले होते. 1921 च्या सुमारास काळे सदरे घातलेल्या तरुणांच्या टोळ्या रात्री मालमोटारींतून येत, संघाची कचेरी जाळीत, पुढाऱ्यास घराबाहेर ओढून बडवीत आणि बळेच एरंडेल पाजीत. हा शेवटचा प्रकार ऐकणाऱ्यास हसू येईल. परंतु ज्याची चारचौघांत अशी विटंबना झाली, त्याला पुन्हा गावात मान वर करून बोलणे अशक्य होई, हेच त्यातील इंगित होते. पोलीस अंमलदार बहुधा काणाडोळा करीत. त्याच वर्षी वृद्ध प्रधानमंत्री जोलित्ती यांनी, सत्तेच्या छायेत आले म्हणजे हे लोक माणसाळतील या भरवशावर, त्यांना आपल्या निवडणूक आघाडीत घेतले.

ऑक्टोबर 1922 मध्ये रोमवर चढाई झाली, तेव्हा लष्करी कायद्याच्या फर्मानावर सही करण्यास राजाने नकार दिला, आणि मुसोलिनी मिलानहून रात्रीच्या आगगाडीने येऊन प्रधानपदी बसला. पुढचे बरेचसे कायद्याच्या चाकोरीतूनच घडले: 1923 च्या कायद्याने, एक चतुर्थांश मतांसह अग्रस्थानी येणाऱ्या पक्षास दोनतृतीयांश जागा बहाल झाल्या. त्या कायद्यानुसार झालेल्या निवडणुकीतील दहशतीचा पाढा समाजवादी पुढारी मात्तेओत्ती यांनी 30 मे 1924 रोजी भर सभागृहात वाचला. 10 जूनला त्यांचे अपहरण होऊन खून झाला. विरोधकांनी सभात्याग केला, राजा स्वस्थ बसला, आणि 3 जानेवारी 1925 रोजी मुसोलिनीने घडल्या गोष्टींची जबाबदारी संसदेत उघडपणे शिरावर घेतली, तरी त्याला जाब विचारणारा कोणी निघाला नाही. पुढे गावोगावचे निर्वाचित नगराध्यक्ष जाऊन सरकारनियुक्त अधिकारी आले. आणि 1931 साली विद्यापीठांतील सुमारे 1200 प्राध्यापकांकडे राजवटीशी निष्ठेची शपथ मागितली गेली, तेव्हा गणिती व्होल्तेरा यांच्यासारख्या जेमतेम डझनभरांनीच ती नाकारली.