दख्खनच्या पोलादी पात्यांची कथा

मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी वसविली. १६५३ पासून तिला औरंगाबाद म्हणूं लागले आणि तेंच आजचें छत्रपती संभाजीनगर. मोगलांच्या दख्खनी सुभ्याचें हें मुख्य ठाणें. जेथें फौजेचा तळ, तेथें तरवारीला धार देणारा शिकलगार आलाच. परंतु शिकलगाराच्या सहाणेवर येणारें पातें मुळांत कोठून येई, आणि त्यांतील पोलाद कोण करी, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं.

त्याचें एक उत्तर गोवळकोंड्याच्या वाटेवर सांपडतें. वेरूळचीं लेणीं पाहून त्यांचें वर्णन लिहिणारा फ्रेंच प्रवासी थेवेनो १६६६-६७ च्या सुमारास दख्खनमधून हिंडला. आजच्या निजामाबाद जिल्ह्यांतील इंदलवाई या गांवाविषयीं त्यानें नमूद केलें आहे कीं, तेथें तरवारी, कट्यारी आणि भाले विपुल तयार होतात, ते साऱ्या हिंदुस्थानांत विकले जातात आणि त्यांस लागणारें लोखंड जवळच्याच डोंगरांतून निघतें.

त्याच मुलखांत कोनसमुद्रम नांवाचें खेडें आहे. तेथें तरवारीहूनहि मोलाची वस्तु निघे. ती म्हणजे पोलादाचा गड्डा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं डॉ. हेन्री व्हॉयसे या भूगर्भशास्त्रज्ञानें हा उद्योग प्रत्यक्ष पाहिला. त्याचें टिपण त्याच्या मृत्यूनंतर, १८३२ सालीं प्रसिद्ध झालें. दोन ठिकाणचें निरनिराळें लोखंड ठराविक प्रमाणांत मातीच्या मुशींत घालावयाचें, मूस बंद करून भट्टींत ठेवावयाची आणि सुमारें २४ तास भाते चालवावयाचे, अशी ती रीत होती. दक्षिणेंत अन्यत्र मुशींत तरवडाच्या काड्या घालून वर रुईचीं पानें ठेवीत. वनस्पतींतील कर्ब लोखंडांत मुरे, लोखंड वितळे, आणि मूस सावकाश निवली म्हणजे आंत पोलादाचा गोल गड्डा मिळे. त्यांत कर्बाचें प्रमाण शेंकडा सुमारें दीड, म्हणजे साध्या पोलादाहून पुष्कळच अधिक असे.

अशा गड्ड्याचें पातें घडविणें हें मोठ्या संयमाचें काम. तो पांढरा होईपर्यंत तापविला तर घणाखालीं त्याचे तुकडे होतात. लालबुंद असतांनाच हलक्या हातानें ठोकला तर टिकतो. घडविलेलें पातें घांसून त्यावर आम्लाचा हात फिरविला कीं पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटे. इराणी लोक तिला जौहर म्हणत. हिंदी तरवारीला अरबी भाषेंत ‘मुहन्नद’ असा खास शब्दच आहे. इराण आणि मध्य आशियांतहि मुशींतलें पोलाद होत असे. तरीहि जौहरदार पात्यांसाठीं गोवळकोंड्याकडील पोलाद इराणांत जातें, असें टॅव्हर्निये यानें लिहून ठेविलें आहे. व्हॉयसेला तर कोनसमुद्रममध्यें इस्फहानचा व्यापारी स्वतः माल घेतांना भेटला. जगांत मात्र नांव झालें तें दमास्कसचें.

१७९४ सालीं मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉट यानें या पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठविले. ‘उक्कु’ या कानडी-तेलुगु शब्दाचें तेथें ‘वूट्झ’ झालें. मायकेल फॅराडे यानें १८१९ पासून त्यावर प्रयोग केले. रशियांत अनोसोव्हनें १८४१ सालीं आपलें संशोधन प्रसिद्ध केलें. युरोपांत पोलादाचें शास्त्र वाढविण्यास या गड्ड्यांनीं हातभार लाविला. पण ते करणाऱ्या भट्ट्या मात्र विझत चालल्या होत्या. १८५६ नंतर बेसेमरच्या पद्धतीनें पोलाद स्वस्त झालें, तरवारीचा काळ सरला, आणि दूरच्या गिऱ्हाइकावर जगणाऱ्या खेड्याला दुसरा आधार उरला नाहीं.

येथें जपानांतील सेकी या गांवाची आठवण होते. तेथील लोहारांचा तरवारीचा धंदा कित्येक शतकांचा. १८७६ सालीं जपान सरकारनें सामान्यतः तरवार बाळगण्यास बंदी केली. सेकीचे लोहार मग स्वयंपाकघराकडे वळले; सुऱ्या, चाकू, कात्र्या, वस्तरे करूं लागले. आज त्या गांवाचें नांव सोलिंगेन आणि शेफील्ड यांच्या जोडीनें घेतलें जातें. कोनसमुद्रमचें कौशल्य कमी प्रतीचें होतें असें नव्हे. सेकीचा लोहार तयार पातें विकीत होता. लढाईचें गिऱ्हाईक गेलें तेव्हां घरोघरचें गिऱ्हाईक त्याला जोडतां आलें. कोनसमुद्रमचा कारागीर कच्चा गड्डा विकीत होता. त्याचें गिऱ्हाईक एकच, आणि तेंहि समुद्रापलीकडचें.

२०१० सालीं बंगलोरची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था आणि इंग्लंडमधील एक्झेटर विद्यापीठ यांनीं उत्तर तेलंगणांत या उद्योगाच्या खुणांची पाहणी केली. फुटक्या मुशी आणि लोखंडाची मळी हेंच आतां त्या कारागिरांचें दप्तर आहे. त्यांचीं नांवें कोणी टिपून ठेविलीं नाहींत. त्यांनीं केलेल्या पोलादाचा गुण मात्र शास्त्रज्ञांनीं दोनशें वर्षें अभ्यासला आहे, आणि तो अभ्यास अद्याप संपलेला नाहीं.