देवपूरचा दगड आणि साडेपाच हजार किलोमीटर

गेल्या शनिवारी धुळ्याला गेलो होतो. निमित्त घराचं. देवपूरला आमचं आजोबांच्या वेळचं घर आहे. काळ्या दगडाच्या जाडजूड भिंती, दगड मातीत रचलेले, वर धाबं. उन्हाळ्यात आत शिरलं की एसी लावल्यासारखं गार. काकांच्या डोक्यात सध्या एकच विषय आहे. धाबं काढायचं, स्लॅब टाकायचा आणि वर दोन खोल्या चढवायच्या. मी इंजिनियर (सॉफ्टवेअरचा, पण घरच्यांना हा फरक मान्य नाही), म्हणून मला बोलावलेलं. भीत भीत म्हटलं, "काका, भिंती मातीत बांधलेल्या आहेत. भूकंप-बिकंप झाला तर?"

काका हसले. "अरे, आपल्याकडे कुठे भूकंप होतो? खाली सगळा कातळ आहे. जागचा हलायचं नाव नाही!"

मी गप्प बसलो. पण "जागचा हलायचं नाव नाही" हे वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण गंमत अशी आहे, की जगातले खंड जागचे हलतात हे सिद्ध करायला ज्या दगडांनी साक्ष दिली, त्यांत आपला हाच काळा दगड पहिल्या रांगेत होता. आजचा लेख त्याच्यावर.

सुरुवात १९१२ पासून करू. आल्फ्रेड वेगेनर नावाच्या जर्मन माणसानं त्या वर्षी जाहीर मांडणी केली की सगळे खंड एके काळी एकत्र होते आणि मग सरकत सरकत लांब गेले. १९१५ मध्ये त्यानं यावर पुस्तक लिहिलं. वेगेनर होता हवामानशास्त्रज्ञ, म्हणजे भूशास्त्रवाल्यांच्या दृष्टीनं बाहेरचा. (आपल्याकडे दुसऱ्या टीमच्या माणसानं आपल्या कोडमधला बग दाखवला की कसं वाटतं, तसंच.) त्याचे पुरावे वाईट नव्हते. भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया इतक्या लांबलांबच्या ठिकाणी एकाच वनस्पतीचे जीवाश्म सापडत होते. चंद्रपूरकडचा दगडी कोळसा ज्या खडकांत सापडतो त्यांना 'गोंडवाना' हे नावही आपल्या गोंडांच्या प्रदेशावरूनच पडलं, आणि पुढे तेच नाव त्या जुन्या महाखंडाला मिळालं. पण एका प्रश्नाला वेगेनरकडे उत्तर नव्हतं. एवढा मोठा खंड ढकलतं कोण? तिथं त्याची गाडी अडली. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या मोहिमेवर तो वारला. वय फक्त पन्नास. पुढची वीस-पंचवीस वर्षं बहुतेक मोठमोठे भूशास्त्रज्ञ त्याच्या कल्पनेला हसत राहिले.

आता आपला दगड. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथं जमिनीतून लाव्हा बाहेर पडला. फुजियामासारखा सुबक डोंगर वगैरे नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा पुराच्या पाण्यासारखा पसरला. एकावर एक थर बसत गेले. आज उरलेला भागच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. लळिंगचा किल्ला ज्या डोंगरावर उभा आहे तो, सह्याद्रीचे कडे, वेरूळची लेणी, आमच्या घराची भिंत, सगळा त्यातलाच माल.

लाव्हा थंड होताना त्यात एक फार सोयीची गोष्ट घडते. त्यात लोहयुक्त खनिजांचे बारीक कण असतात. तापमान एका पातळीखाली उतरलं की ते कण पृथ्वीच्या त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा पकडतात, आणि दगड थिजला की ती दिशाही थिजते. आपल्या भाषेत सांगायचं तर लॉग फाईल, आणि तीही रीड-ओन्ली.

या लॉगमध्ये नुसतं उत्तर-दक्षिण नसतं. चुंबकसुई मोकळी टांगली तर ती जमिनीकडे झुकतेही. विषुववृत्तावर ती आडवी राहते, ध्रुवावर सरळ उभी होते, आणि मधे कुठेही असाल तर त्या झुकावावरून अक्षांश काढता येतो. सूत्र अगदी साधं आहे. झुकावाच्या कोनाचा टॅन म्हणजे अक्षांशाच्या टॅनची दुप्पट. बस्स. म्हणजे दगड थिजला तेव्हा तो कोणत्या अक्षांशावर होता, हे दगडालाच विचारता येतं!

हे विचारणारा पहिला माणूस म्हणजे केंब्रिजचा एडवर्ड आयर्विंग हा विद्यार्थी. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला वाटलं, वेगेनर खरा असेल तर सगळ्यात लांबचा प्रवास भारतानं केलेला असणार. मग तपासायचं तर भारतच तपासू. त्याला पाठिंबा देणारा कोण, तर रॉनल्ड फिशर, आपण डेटा ॲनालिसिसमध्ये ज्याच्या पद्धती रोज वापरतो तोच. गोलावर विखुरलेल्या दिशांची सरासरी कशी काढायची याचं गणित त्यानं १९५३ मध्ये छापलं, ते अशाच दगडांसाठी. आयर्विंगनं भारतातून दख्खनच्या दगडाचे नमुने मिळवले, मोजले, आणि उत्तर आलं की हे दगड दक्षिण गोलार्धात थिजलेत. १९५४ मध्ये परीक्षकांनी त्याचा पीएचडीचा प्रबंध नापास केला. हो, नापास! (ऑफिसमध्ये अप्रेझल खराब झालं की मी हा किस्सा आठवतो.)

पण विषय तिथं संपला नाही. नोबेलविजेते पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या लंडनच्या गटातल्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या खडकांवर १९५६ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्यानंतर दोन-तीन वर्षांत डॉइचबरोबर राधाकृष्णमूर्ती आणि पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे या टीआयएफआरच्या संशोधकांनी जास्त बारकाईनं काम केलं. काही थरांत दिशा बरोबर उलटी निघायची, कारण पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रच अधूनमधून पालटतं. तेवढं लक्षात घेतलं की हिशेब पुन्हा तोच. भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. सहस्रबुद्धे हे नाव आमच्या शाळेच्या पुस्तकात कधी आलं नाही. यायला हवं होतं.

मग १९६३ साल उजाडलं. व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी समुद्राच्या तळाच्या चुंबकीय मोजमापांवरून दाखवलं की समुद्रतळ मधोमध उसवतो, तिथं नवा खडक तयार होतो आणि दोन्ही बाजूंना सरकत जातो. त्यांनी वापरलेली मोजमापं कुठली होती? कार्ल्सबर्ग रिजची, म्हणजे आपल्या अरबी समुद्राच्या पलीकडच्या टोकाची. खंड समुद्रतळ नांगरत जात नाहीत. खंड आणि समुद्रतळ मिळून जी जाड कवचं बनतात त्या प्लेट्स सरकतात, आणि खालचा तप्त खडक अतिशय संथपणे वाहत असतो. वेगेनर ज्या प्रश्नावर अडला होता त्याचं उत्तर मिळालं. तो जाऊन तेहतीस वर्षं झाली होती.

आता थोडं गणित. दख्खनचा मधला भाग लाव्हाच्या वेळी साधारण ३० अंश दक्षिणेला होता. धुळे आज साधारण २१ अंश उत्तरेला आहे. फरक ५१ अंश, आणि एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. झाले साडेपाच हजारांहून थोडे जास्त किलोमीटर. त्याला ६.६ कोटी वर्षांनी भागा. वर्षाला सरासरी साडेआठ सेंटीमीटर. पण वेग सारखा नव्हता. लाव्हाच्या काळात भारत वर्षाला १५ सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त पळत होता, म्हणजे साधारण आपले केस वाढतात त्या वेगानं. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला धडकला, हिमालय वर उचलला गेला आणि वेग उतरला. आज तो वर्षाला ५ सेंटीमीटरच्या आसपास आहे, म्हणजे नखं वाढतात त्याहून जरासा जास्त. काका दर रविवारी अंगणात बसून नखं कापतात. तेवढ्या वेळात देवपूरही जवळपास तेवढंच पुढे सरकलेलं असतं. असो.

म्हणजे काकांचं "जागचा हलायचं नाव नाही" साडेपाच हजार किलोमीटरनं चुकलं. पण भूकंपाचं काय? इथं खानदेशचा खास मुद्दा येतो.

धुळे-नंदुरबार भागात माळावर काळ्या दगडाच्या लांबच लांब रांगा दिसतात. लहानपणी मला त्या कुणीतरी बांधलेल्या भिंती वाटायच्या. त्या बांधलेल्या नाहीत. जमीन ताणली जाऊन तिला भेगा पडल्या, भेगांत लाव्हा भरला आणि तिथंच थिजला. आजूबाजूचा खडक झिजला आणि या भिंती उभ्या राहिल्या. यांना डाइक म्हणतात. या पट्ट्यात असे दोनशेहून जास्त डाइक नोंदलेले आहेत आणि त्यांतला सर्वांत लांब जवळपास ऐंशी किलोमीटर आहे! बहुतेकांची दिशा पूर्व-पश्चिमेच्या आसपास. म्हणजे जमीन उत्तर-दक्षिण ताणली जात होती. (डाइकचा व्यवहाराशीही संबंध आहे. जमिनीखालचं पाणी तो धरणाच्या भिंतीसारखा अडवू शकतो. मग एका बाजूच्या विहिरीला पाणी आणि दुसरी कोरडी, असं होतं.)

आता नकाशा उघडा. डाइक पूर्व-पश्चिम, तापी पूर्व-पश्चिम, सातपुडा पूर्व-पश्चिम, पलीकडे नर्मदाही तशीच. हा योगायोग नाही. मध्य भारतातून जाणारा हा कवचाचा फार जुना, कच्चा पट्टा आहे. त्याच्या भेगांवर जमीन कुठे खचली, कुठे उचलली गेली. खचलेल्या भागात तापीनं शेकडो मीटर गाळ भरला आणि त्या गाळावर आज जळगावची केळी उभी आहेत. चोपड्याकडे उनपदेवला गरम पाणी वर येतं, तेही अशाच खोल भेगांतून.

आणि हा पट्टा झोपलेला नाही. उत्तरेकडे हिमालयाशी चाललेल्या रेटारेटीचा ताण सगळ्या भारतीय प्लेटमधून जातो, आणि कच्च्या जागी तो सुटतो. १४ मार्च १९३८ ला सातपुड्यात ६ रिश्टरहून मोठा भूकंप झाला. १९७० मध्ये भडोच, १९९७ मध्ये जबलपूर, दोन्ही याच पट्ट्यातले. २००२ च्या भूकंपप्रवण नकाशात तापी-नर्मदेचा पट्टा झोन ३ मध्ये होता. आणि ज्या मराठवाड्याला सगळे सुरक्षित समजत होते तिथं ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या रात्री पहाटे, किल्लारी झालं. जवळपास ८ ते १० हजार माणसं गेली. भूकंप ६.२ च्या आसपासचा, म्हणजे जपानमध्ये ज्याची फार तर दिवसभर बातमी चालली असती. माणसं मेली ती घरांखाली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर धाब्याचं ओझं. म्हणजे नेमकं आमचं देवपूरचं घर.

रात्री जेवताना हे सगळं काकांना सांगितलं. केसांचा वेग, नखांचा वेग, सगळं. काकांनी शांतपणे ऐकलं. धुळ्याचा माणूस आहे. वि. का. राजवाडे शेवटी याच गावात राहिले आणि १९२६ मध्ये इथंच गेले. घरोघरी हिंडून जुनी दप्तरं जमवणारा तो माणूस. अस्सल कागद दाखवा, मगच बोला, हे काकांच्या पिढीच्या अंगात मुरलेलं आहे. थोड्या वेळानं म्हणाले, "म्हणजे हा दगडच दप्तर आहे म्हण की. आणि किल्लारीचं तर मी टीव्हीवर बघितलंय. मग आता काय करू म्हणतोस?"

मी म्हटलं, "काका, मी सॉफ्टवेअरवाला. खऱ्या इंजिनियरला बोलावू."

रविवारी सकाळी बोलावला. त्यानं भिंती ठोकून पाहिल्या आणि सांगितलं की या भिंतींवर स्लॅब चढवायचा विचार सोडून द्या. वरच्या खोल्या हव्याच असतील तर मागच्या मोकळ्या जागेत कॉलम-बीम घेऊन स्वतंत्र बांधा. जुन्या घराचं धाब्यावरचं मातीचं ओझं उतरवा, वर हलकं छप्पर घाला आणि भिंतींना चारी बाजूंनी पट्टा बांधून घ्या. खर्चाचा आकडा ऐकून काकांचा चेहरा पडला, पण नाही म्हणाले नाहीत. काम दिवाळीनंतर सुरू होईल.

निघताना गाडीत बसलो तेव्हा काका भिंतीवर हात ठेवून उभे होते. म्हणाले, "तीस अंश दक्षिण, नाही का रे?"