एका 'म'ची गोष्ट

सुलेमानीत पहिल्याच आठवड्यात मी एका माणसाला त्याचं नाव विचारलं, आणि त्याने वळून मागे पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. मी "नावी चिये?" असं विचारलं होतं. म्हणजे "त्याचं नाव काय?" बिचारा 'तो' कोण ते शोधत होता. विचारायला हवं होतं "नावित चिये?" एका 'त'चा घोटाळा.

पण माझं लक्ष त्या 'त'पेक्षा 'नाव' या शब्दावरच अडकलं होतं. पुण्याहून इतक्या लांब, इराकच्या उत्तरेकडच्या डोंगरात, नावाला 'नाव'च म्हणतात? शेजारचे इराणी 'नाम' म्हणतात, हे म्हणतात 'नाव'. आपल्याकडे 'नाम'चं 'नाव' झालं, 'ग्राम'चं 'गाव' झालं, तसंच कुर्दीतही स्वरामागच्या 'म'चा 'व' होत गेला. फारसीत 'जमीन', यांच्याकडे 'जेवी'. दोन्ही भाषांनी आपापल्या घरी बसून, एकमेकींना न विचारता, तीच खोडी केली.

२००८ ते २०११ मी तिथे एका वीज-उपकेंद्राच्या कामावर होतो. साइटवरचे स्टोअरकीपर हे माझे गुरुजी. सगळे त्यांना 'काक' म्हणत. काक म्हणजे काका नव्हे बरं का, दादा. आणि त्यांचा 'माम' म्हणजे मामा नव्हे, बापाचा भाऊ. म्हणजे आपला मामा त्यांच्याकडे काका आणि आपला काका त्यांच्याकडे दादा! हे नात्यांचं गणित सुटेस्तोवर माझा महिना गेला.

तिथली भाषा म्हणजे मध्य कुर्दी, जिला सोरानी म्हणतात. तिच्यात 'माझं-तुझं' शब्दाच्या शेपटीला लावायचं. 'माल' म्हणजे घर (हा 'ल' जाड, टाळूला जीभ चिकटवून). मालिम, माझं घर. मालित, तुझं घर. माली, त्याचं किंवा तिचं घर. तो-ती हा भेदच नाही. मग मालमान, मालतान, माल्यान : आमचं, तुमचं, त्यांचं. झालं, संपलं. आई-बापाला थेट प्रत्यय लागतो, दायकिम, बावकिम. पुस्तकाला मात्र आधी 'ते अमुक पुस्तक' असं ठरवून घेतात आणि मग आपलं म्हणतात: कितेब, कितेबेके, कितेबेकेम. मी काकना आपलं माझा-माझी-माझं-माझे-माझ्या सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुमच्याकडे वस्तू आपली म्हणायच्या आधी ती बाई की बुवा ते बघावं लागतं?"

लिहिताना तर आणखी गंमत. कुर्दीची लिपी अरबी वळणाची, पण अरबीत गाळले जाणारे स्वर त्यांनी सुधारून लिहायला घेतले. सगळे, फक्त हा ऱ्हस्व 'इ' सोडून. त्यामुळे 'मालिम' लिहिताना 'माल'पुढे नुसता 'म' येतो. एवढ्याशा 'म'ला सगळं घर जोडलेलं.

हा 'म' आला कुठून? सुलेमानीहून आग्नेयेला सरहद्द ओलांडली की इराणचं करमानशाह, आणि त्याच्या पूर्वेला बेहिस्तूनचा कडा. इ.स.पूर्व ५२०च्या सुमारास सम्राट दरायसने तिथे आपला पराक्रम तीन भाषांत कोरून घेतला : जुनी फारसी, एलामी आणि बाबिलोनी. तो वाचला गेला यात मुंबईचा थोडा हात आहे. हेन्री रॉलिन्सन हा कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतला अधिकारी. १८२७ साली तो ज्या जहाजाने मुंबईला आला, त्याच जहाजात मुंबईचे नवे गव्हर्नर सर जॉन माल्कम होते. तेच माल्कम, ज्यांच्यापुढे १८१८ साली दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली. पुढे रॉलिन्सनला शहाच्या फौजेला कवायत शिकवायला इराणला पाठवलं, आणि १८३५ पासून तो करमानशाहला होता. कामातून वेळ काढून कड्यावर चढायचा आणि अक्षरं उतरवायचा. १८४६-४७ मध्ये त्याने जुन्या फारसी मजकुराचं वाचन छापलं.

बाबिलोनी मजकूर मात्र अशा जागी होता की तिथपर्यंत कोणी पोचेना. १८४७ साली एक कुर्दी पोरगा तयार झाला. खडकाच्या भेगांत लाकडी मेखा ठोकत, दोराला लोंबकळत तो तिथवर गेला आणि ओल्या कागदाने ठसे घेऊन आला. रॉलिन्सन पुढे 'सर' झाला, त्याचं चरित्र निघालं. पोराचं नावसुद्धा कोणी लिहून ठेवलं नाही. "नावित चिये?" एवढं विचारायला काय लागत होतं?

तर त्या कड्यावर 'माझा' या अर्थी एक शेपटी पुन्हा पुन्हा येते : 'मै'. आणि 'तुझा'साठी 'तै'. शब्दाला चिकटूनच येतात, एकट्या कधी नाहीत. आठवीत संस्कृत घेतलेल्यांना 'अस्मद्' चालवलेलं आठवत असेल : मम-मे, आवयोः-नौ, अस्माकम्-नः. तो दुसरा, छोटा, ज्याने वाक्य सुरू करायचं नाही अशी ताकीद बाई द्यायच्या, तो 'मे'. संस्कृतातला 'ए' मुळात 'अइ' होता. म्हणजे दरायसचा 'मै' आणि आपला 'मे', 'तै' आणि 'ते' एकच. कुर्दीत झिजून त्यांचे 'म' आणि 'त' उरले. कुर्दी ही दरायसच्या भाषेची सरळ लेक नव्हे, पुतणी म्हणा; पण हा दागिना दोन्ही घरांत आजीकडून आलेला. आपण मात्र तो मोडला. 'मह्यम्'पासून प्राकृतात 'मज्झ' झालं, त्याचं 'माझा', आणि 'मे' पाठांतरापुरता राहिला.

इथवर ठीक होतं. मग भूतकाळ आला आणि माझी पार विकेट गेली.

"मी भाकरी खाल्ली" याला कुर्दीत म्हणतात "नानिम ख्वार्द". नान म्हणजे भाकरी. आणि हा 'म' क्रियापदाला सोडून भाकरीला लागलाय! मला वाटलं, "माझी भाकरी खाल्ली", कोणी खाल्ली? काक म्हणाले, "तूच की." घर माझं म्हणायला जो 'म', तोच 'मी केलं' म्हणायलाही. वर्तमानकाळात हे काही नाही, फक्त भूतकाळात, आणि तेही सकर्मक क्रियापदाला.

चिडायच्या आधी स्वतःकडे पाहिलं. "मी भाकरी खातो" यात क्रियापद माझ्यामागे जातं, "मी भाकरी खाल्ली" यात भाकरीच्या मागे. कर्मणी प्रयोग! तोही फक्त भूतकाळात, सकर्मकालाच. आपल्याला जन्मापासून सवय म्हणून खटकत नाही इतकंच.

याचंही मूळ त्याच कड्यावर आहे. दरायस "मी केलं" असं म्हणताना एके ठिकाणी म्हणतो "मना कर्तम्". 'मना' म्हणजे मम, षष्ठी. "हे माझं केलेलं." आपण तृतीया घेतली, 'मया कृतम्', तिचं जुन्या मराठीत 'म्यां केलें' झालं, आज 'मी केलं'. कुर्दी षष्ठीवरच राहिली. आजचं कुर्दी "किर्दिम", मी केलं, सुटं करा : 'किर्द' म्हणजे कृतम्, 'म' म्हणजे मे. कृतं मे. बाजारातला भाजीवाला हिशेब केल्यावर हे म्हणतो आणि आपल्याला मात्र त्यासाठी पाठशाळेत जावं लागतं.

एवढी जुनी भाषा, पण व्याकरणाच्या पुस्तकांत यायला तिला फार उशीर झाला. सुलेमानी शहर बाबान घराण्याने १७८४ साली वसवलं, आणि एकोणिसाव्या शतकात नालीसारख्या कवींनी तिथली बोली काव्यात आणली. इंग्रज अधिकारी सोन याने १९१३ साली कुर्दीचं व्याकरण छापलं. पण कुर्दांसाठी कुर्दीतून व्याकरण लिहिलं सुलेमानीच्याच तौफीक वहबी या लष्करी अधिकाऱ्याने, बगदादला, १९२९ साली. लिपीत स्वर आणण्याच्या खटपटीतही तो होताच. १९३१ च्या स्थानिक भाषांच्या कायद्याने कुर्दी मुलखातल्या शाळा-कचेऱ्यांत तिला जागा मिळाली. सबंध इराकची अरबीबरोबरची राजभाषा व्हायला मात्र २००५ ची घटना यावी लागली.

मधल्या काळात भाषा बोलणारेच उरतात की नाही अशी वेळ आली होती. १९८८ मध्ये फेब्रुवारी ते सप्टेंबर, सद्दामच्या फौजेने 'अन्फाल' नावाची मोहीम चालवली. मानवी हक्क संघटनेच्या १९९३ च्या अहवालानुसार त्यात किमान ५० हजार माणसं मारली गेली. कुर्द १ लाख ८२ हजार सांगतात. त्या सुमारास कुर्दिस्तानातली हजारो खेडी पाडून टाकली. करादागच्या डोंगरावर मार्चच्या अखेरीस पाळी आली. काक करादागचे.

हे मला दोन वर्षं माहीत नव्हतं. स्वामित्वदर्शक प्रत्यय शिकवताना त्यांनी घर, पुस्तक, गाडी सगळी उदाहरणं घेतली होती. कुर्दीत 'असणे' मराठीसारखंच, आपल्या 'जवळ असणे'ला वेगळं क्रियापद नाही : "सयारेयेकिम हेये", मला गाडी आहे. "पारेम निये", पैसे नाहीत. गाव या शब्दाला ते प्रत्यय लावत नसत हे मला तेव्हा जाणवलं नाही.

२०१० च्या वसंतात एका शुक्रवारी ते मला करादागला घेऊन गेले. रस्ता संपल्यावर अर्धा तास चढ. वर गवत, तुतीचं एक झाड आणि दगडांचे ढीग. एका ढिगाजवळ थांबून ते म्हणाले, "एमे मालमाने."

मी शिकाऊ विद्यार्थी, मनात वाक्य सोडवत होतो. एमे, हे. माल, घर. मान, आमचं. शेवटचा 'ए' म्हणजे 'आहे'. 'होतं'साठी 'बू' लागतो, संस्कृत 'भू'चा भाऊ, तो मला चांगला पाठ होता. "मालमान बू" हवं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते ढिगातला एक दगड उचलून, झटकून बाजूला ठेवत होते.

"मालमाने," मी म्हटलं.

"बेले," ते म्हणाले. हो.

मग त्यांनी पिशवीतून भाकरी, चीज आणि काकड्या काढल्या, आणि तुतीखाली बसून नानमान ख्वार्द.