चुलांगण आणि रसद

सती नदीच्या काठी वसलेल्या कुरखेड्याचा आणि त्याच्या भोवतीच्या अरण्याचा पूर्वेतिहास लिहावयाचा म्हटले, की लेखकाची दृष्टी साहजिकच वैरागडचा किल्ला, चांद्याचे गोंड राजे, आणि गेवर्धा, सोनसरी, पळसगड, कोटगल, कोरचा या जमीनदाऱ्यांकडे वळते. परंतु या सत्ता ज्या रयतेच्या जिवावर चालल्या, ती रयत एकत्र कशी येई, आपसांतले देणेघेणे, मानपान आणि गुन्हे यांचा निवाडा कसा करी, हे समजून घ्यावयाचे असेल, तर उघड्या रानात शे-दोनशे माणसांचे अन्न शिजवण्याची तिची रीत पाहण्याखेरीज गत्यंतर नाही. कारण तिच्या सार्वजनिक आयुष्यातील कोणताही थोर प्रसंग गावजेवणावाचून पुरा होत नसे.

या जेवणाचा आरंभ चुलांगणापासून होतो. देवाच्या थानापाशी किंवा मोहाच्या एखाद्या जुन्या झाडाखाली वाऱ्याची दिशा पाहून लांब चर खणावयाचा, वाऱ्याकडचे तोंड लाकडे सारण्यासाठी मोकळे सोडावयाचे, आणि चराच्या दोन्ही काठांवर टेकतील असे गंज ओळीने चढवावयाचे, म्हणजे एकाच जाळावर चार-पाच भांडी खदखदू लागतात. धावड्याचे आणि ऐनाचे लाकूड यासाठी उत्तम, कारण त्याचा निखारा दीर्घकाळ टिकतो. पूर्वी कुंभाराच्या हंड्यांवरच भागवावे लागे. मागाहून तांब्यापितळेची आणि त्याहून मागाहून जर्मनची भांडी आली, आणि पुष्कळ गावांनी ती वर्गणी काढून सामायिक घेतली. पळसाची किंवा माहुलीच्या वेलीची पाने बांबूच्या बारीक काड्यांनी टाचून पत्रावळी आणि द्रोण होतात. टोपल्या आणि चटया बुरडाच्या हातच्या. पोटात जाणारे धान्य आणि खाली अंथरलेले पान ही दोन्ही त्याच शिवारातली असत, बाजारातून यावयाचे ते मीठ.

भात उतरवण्याची घटका मात्र जवळून पाहण्यासारखी असते. मोठ्या गंजात पाणी सढळ घालून शिजवलेला भात वेळावा लागतो. म्हणून गंजाच्या दोन्ही कड्यांतून जाड बांबू ओवून दोघे धट्टेकट्टे गडी तो चुलांगणावरून उचलतात, तिसरा ओल्या फडक्याने बूड धरून हलकेच कलता करतो, आणि भात टोपलीत राहून पांढरी, दाट पेज खालच्या भांड्यात धो धो उतरते. तो भात लगोलग चटईवर अंथरलेल्या पानांवर ओतून वरून पुन्हा पानांनी झाकतात, तेव्हा वाफेने पळसाच्या पानांचा रंग पालटतो आणि त्यांचा किंचित तुरट वास भाताला लागतो. पेज वाया जात नाही; पहाटेपासून जाळ सांभाळणाऱ्यांच्या वाट्याला ती मीठ घालून पहिल्याने येते. देवाच्या थानावरचा हा सारा स्वयंपाक बहुधा पुरुषच करतात.

भाताबरोबरच्या मांसाची रीतही अशीच पाहण्यासारखी आहे, आणि ती एका तुलनेने चटकन ध्यानात येते. अमेरिकेत अब्राहम लिंकन यांनी १८६३ साली राष्ट्रीय पर्व म्हणून जाहीर केलेल्या कृतज्ञतादिनी टर्की हा थोरला पक्षी सबंध भाजून मेजावर आणतात, आणि कित्येक हौशी लोक तो अंगणात, निखाऱ्यांच्या खड्ड्यात किंवा उकळत्या तेलाच्या पिंपात शिजवतात. पक्षी जितका मोठा तितकी यजमानाची शोभा. कुरखेड्याच्या रानातील गावठी कोंबडा अंगाने लहान आणि मांसाने चिवट. तो भाजला तर चार माणसांनाही पुरावयाचा नाही; पण हळद, मिरची, मीठ आणि भरपूर पाणी घालून दीड-दोन तास मंद जाळावर ठेवला, की त्याचा कस रश्श्यात उतरतो आणि तो रस्सा भातावर पडून सबंध पंगतीला पोहोचतो. थोड्या मांसात पुष्कळांना सामावून घेण्याची ही युक्ती दारिद्र्यातून जन्मली हे खरे, तथापि तिच्यात न्यायबुद्धीही आहे, असे मी मानतो. बकरा कापला तर त्याचे पानांवर घरटी वाटे घालतात. घरात म्हातारे, आजारी किंवा बाळंतीण असेल तर तिचा वाटा द्रोणातून घरी जातो. आणि कोणीही पहिला घास घेण्यापूर्वी देवाला आणि पूर्वजांना मोहाच्या दारूचा थेंब भूमीवर सोडला जातो.

प्रसंग अनेक. नवे धान्य देवाला दाखवून मग खाण्याचा सण, दिवाळीनंतरची मंडई, मयताचे दिवसकार्य, आणि अर्थात लग्न. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात नोंदले आहे, की गोंडांमध्ये वऱ्हाड बहुधा वधूच्या घरून निघून वराच्या घरी येते आणि लग्न तेथे लागते. त्यामुळे जेवणाचा सारा भार वराच्या गावावर पडे, आणि एका घराला तो झेपणारा नसल्याने घरोघरचे पायलीभर तांदूळ, एखादा कोंबडा, मोळीभर लाकूड आणि पानांचा भारा चुलांगणापाशी येऊन पडे. कोणी काय आणले हे सर्वांच्या स्मरणात राही, कारण पुढे त्याच्या घरच्या कार्यात तेवढे परत करावयाचे असे. जातीबाहेर पडलेल्या माणसाला परत घ्यावयाचे झाले तरी पंचांचा निवाडा शेवटी पंगतीतच अमलात येई. त्याने दंड भरावा, जेवण घालावे, आणि पंचांनी त्याच्या हातचा घास घेतला की तो शुद्ध.

याच भूमीवर त्याच चुलांगणाचा एक दुसरा, दुःखद इतिहासही घडला. चांद्याचे गोंड राज्य १७५१ साली नागपूरकर भोसल्यांनी खालसा केले, १८५४ साली भोसल्यांचेच राज्य इंग्रजांनी घेतले. पण अरण्यातील जमीनदार बहुतांशी जागच्या जागी राहिले, आणि त्यांच्याबरोबर वेठ आणि रसद यांचा शिरस्ताही राहिला. जमीनदाराची स्वारी यावयाची असो, की हिवाळ्यातील दौऱ्यावर निघालेल्या साहेबाचा तंबू पडावयाचा असो, कोतवालाने दवंडी द्यावी, आणि गावाने लाकूड, पाणी, दूध, अंडी, कोंबडे पुरवावेत. मोबदला मिळालाच तर घेणाऱ्याच्या मर्जीने. कोंबडा तोच, धावड्याचे लाकूड तेच, चूल खणणारे हातही तेच. परंतु एका ठिकाणी माणूस आपला वाटा देऊन पंगतीत बसत असे, आणि दुसऱ्या ठिकाणी तो सर्वस्व देऊन दूर उभा राहत असे. एका अन्नाचा हिशेब परतफेडीचा होता, दुसरे कधी परत आलेच नाही. ज्यांनी दौऱ्यांच्या रम्य आठवणी लिहिल्या त्यांनी तंबूतील मेजवानीचे वर्णन केले. ती ज्याच्या खुराड्यातून आली, त्याचे नाव कोणत्याही दप्तरात लागले नाही, आणि ही उणीव मला फार टोचते.

१८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळात मध्यप्रांतात सरकारने गावोगाव स्वयंपाकघरे उघडून शिजवलेले अन्न वाटले, तेव्हा उघड्यावरच्या चुलींचा हा तिसरा प्रकार लोकांनी पाहिला. तेथे वाटा नव्हता आणि हुकूमही नव्हता. होती ती केवळ भूक.

हा मुलूख तेव्हा ज्यात होता त्या मध्यप्रदेशाच्या १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून जमीनदाऱ्या गेल्या, आणि रसदेचा आधारच खचला. त्याबरोबर जमीनदारी जंगले सरकारात जमा झाली. एरवी ज्यांचा कोणी विचारही केला नसता अशा गोष्टी, चुलांगणाचे लाकूड, पत्रावळीचे पान, टोपलीचा बांबू, या निस्तार हक्कांच्या, म्हणजे घरगुती गरजेपुरते जंगल वापरण्याच्या हक्कांच्या, पत्रकात आणि वनखात्याच्या परवान्यात जाऊन बसल्या. लग्नासाठी मांडवाचे डांबे आणि जळण आणावयाचे तर नाकेदाराची मर्जी सांभाळावी लागू लागली. गावजेवणाची मोळी ही चोरी ठरण्याचा प्रसंग आला, ही गोष्ट रसदेइतकीच अपमानास्पद होती. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्कांना मान्यता दिली, आणि शेजारच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावरील हक्क मिळाला, तेव्हा पान, बांबू आणि मोहफूल पुन्हा ग्रामसभेच्या अखत्यारीत येण्याचा मार्ग खुला झाला.

आता गॅसची शेगडी आणि कागदाच्या पत्रावळी कुरखेड्याच्या लग्नांतही आल्या आहेत, भाड्याची भांडी टेम्पोतून येतात, आणि स्वयंपाकी ठरवून आणतात. तरीही देवाच्या थानावरची पूजा असली की गावातील जाणते माणूस आधी वाऱ्याकडे पाहते, मग चर कोठे खणावयाचा ते दाखवते, आणि तरुण पोरे घरोघरचे तांदूळ गोळा करावयास निघतात.