सीलबंद कॉम्प्रेसर आणि विद्युतदोष-निदानाचा इतिहास

प्रस्तावना :
तंत्रज्ञानाच्या इतिहासात संशोधकांना मानाचे स्थान मिळते. त्यांची यंत्रे दुरुस्त करणाऱ्यांची दखल क्वचितच घेतली जाते. वातानुकूलनाचा इतिहासही विलिस कॅरियर यांनी १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी केलेल्या आराखड्यापासून सुरू होतो आणि एका शोधाकडून दुसऱ्या शोधाकडे जातो. यंत्र बंद पडल्यावर दोष कसा ओळखला गेला, हा प्रश्न बाजूलाच राहतो. प्रस्तुत निबंधात कॉम्प्रेसरच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

खुल्या यंत्राकडून सीलबंद यंत्राकडे :
आरंभीच्या अनेक शीतकरण यंत्रांत मोटर व कॉम्प्रेसर वेगळे असून पट्ट्याने जोडलेले असत. मोटर जळाली की वास येई, पट्टा घसरला की दिसे. वायू मात्र शाफ्टच्या सीलमधून गळत राही. हा दोष टाळण्यासाठी दोन्ही भाग एकाच पोलादी कवचात बंद करण्यात आले. जनरल इलेक्ट्रिकचे १९२७ चे ‘मॉनिटर टॉप’ शीतकपाट हे या रचनेचे गाजलेले उदाहरण होय. पुढे खोलीच्या वातानुकूलन यंत्रांनीही ती स्वीकारली. गळती आटोक्यात आली. पण कारागिराला आतले काही दिसेनासे झाले. एकफेजी कॉम्प्रेसरच्या कवचाबाहेर उरली ती केवळ तीन टोके : कॉमन, स्टार्ट आणि रन.

तीन टोकांचे मापन :
ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकाडी यांच्या कल्पनेतून १९२३ मध्ये ॲव्होमीटर अवतरला होता. प्रवाह, दाब व रोध एकाच उपकरणावर मोजता येऊ लागले, आणि अशा मीटरनेच पुढे बंद कवचाचे कोडे उलगडले. टोकांमधील रोध जोडीजोडीने मोजला असता स्टार्ट व रन यांमधील रोध सर्वाधिक, आणि उरलेल्या दोहोंच्या बेरजेइतका भरतो. या साध्या बेरजेवरून न दिसणाऱ्या वाइंडिंगची अवस्था कळते.

येथेच एक फसवी जागा आहे. अनेक कॉम्प्रेसरांत कॉमनच्या वाटेवर, कवचाच्या आतच, तापल्यावर उघडणारा ओव्हरलोड असतो. तो उघडा असताना कॉमनकडून कोणतेच वाचन मिळत नाही आणि घाईचा कारागीर ‘कॉम्प्रेसर गेला’ असा निर्वाळा देतो. स्टार्ट-रनमधील वाचन शाबूत आहे हे पाहून यंत्र निवेपर्यंत थांबणारा मात्र तो वाचवतो. कित्येकदा मूळ दोष रन कॅपॅसिटरचा निघतो. त्याची धारकता घटली की मोटर गुणगुणते, फिरत नाही, जादा प्रवाह खेचते व ओव्हरलोड उघडतो. एक स्वस्त कॅपॅसिटर की यंत्रातील सर्वांत महाग भाग, एवढा फरक या एका निदानाने पडतो. ग्राहकाचा पैसा आणि कारागिराची पत दोन्ही पणाला लागतात. कॅपॅसिटर थेट विजेवर भारून, टोके स्क्रूड्रायव्हरने जोडून ठिणगी पाहण्याची रीतही कारागिरांत होती. तिने कॅपॅसिटर भार धरतो एवढेच कळे, धारकता किती घटली ते नव्हे; शिवाय धोका वेगळाच.

हीट पंपात याला प्रवाहाची दिशा उलटविणाऱ्या झडपेच्या विद्युत-कॉइलची तपासणी जोडली गेली. बाकी निदान तेच.

इन्व्हर्टरचा काळ :
जपानच्या तोशिबाने १९८१ मध्ये घरगुती इन्व्हर्टर वातानुकूलन यंत्र आणले. भारतात ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ पासून स्थिर व बदलत्या वेगाच्या यंत्रांना एकच तारांकन बंधनकारक केल्यावर इन्व्हर्टर सर्वत्र दिसू लागले. या कॉम्प्रेसरची तीन टोके त्रिफेजी मोटरची असतात. त्यांमधील रोध समान भरतो. जुनी बेरीज पाठ असलेल्या कारागिराला निरोगी कॉम्प्रेसरही सदोष वाटावा, अशी ही स्थिती. दोष आता संकेतांकाने सांगितला जातो. मात्र तो संकेतांक फलकाचा, वायरीचा की वाइंडिंगचा दोष दर्शवितो, हे पुष्कळदा मीटरनेच ठरवावे लागते. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर या फलकातील कॅपॅसिटरवर ३०० व्होल्टहून अधिक एकदिश दाब असतो. वीज तोडल्यावरही तो काही काळ टिकतो, आणि हात घालण्यापूर्वी तो मोजून पाहावा लागतो.