‘बाळंतपण होऊ द्या, मग बघू’

युरोपात एक जुनी म्हण आहे : प्रत्येक मुलामागे आईचा एक दात जातो. आमची नानीही असेच काहीसे म्हणायची. पोटातले बाळ आईच्या दातांतला चुना ओढून घेते, अशी ही समजूत. ती खरी नाही. एकदा तयार झालेल्या दातातले कॅल्शियम बाळाकडे जात नाही. मात्र गरोदरपणात शरीरातली संप्रेरके वाढतात, हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते. उलट्यांमधल्या आम्लाने दातांचे कवच झिजते. म्हणजे या नऊ महिन्यांत दाताच्या डॉक्टरची गरज वाढते. आणि नेमके याच दिवसांत डॉक्टर बाईला हात लावायला बिचकतात.

ही भीती उगाच आलेली नाही. ऑक्सफर्डच्या डॉ. अ‍ॅलिस स्टुअर्ट यांनी कर्करोगाने दगावलेल्या मुलांच्या आयांकडे चौकशी केली. आधी १९५६ मध्ये थोडक्यात आणि मग १९५८ मध्ये सविस्तर त्यांनी मांडले, की गरोदरपणी ज्यांच्या पोटाचा एक्स-रे काढला होता, त्यांच्या मुलांत कर्करोगाचे प्रमाण अधिक आहे. वैद्यकीय जगाने हे बरीच वर्षे मानले नाही. बाई मात्र हटल्या नाहीत. मग थॅलिडोमाइड. पश्चिम जर्मनीत १९५७ पासून हे औषध झोपेसाठी आणि गरोदर स्त्रियांच्या मळमळीवर सर्रास दिले जात होते. नोव्हेंबर १९६१ मध्ये ते मागे घेतले गेले, तोवर जगभरात हजारो मुले अपुऱ्या हातापायांनी जन्मली होती. त्यानंतर गरोदर बाईला साधी गोळी देतानाही कोणता डॉक्टर दहादा विचार करणार नाही?

पण यातला एक्स-रे पोटाचा होता, दातांचा नव्हे. आणि थॅलिडोमाइड काही दातावरचे औषध नव्हते. दाताच्या एक्स-रेचा झोत जबड्यावर असतो, गर्भाशयापर्यंत पोचणारे किरण नगण्य. दवाखान्यात हा फरक पुसला गेला आणि ‘काही करू नका’ एवढेच उरले.

माझ्या आपाला १९८८ मध्ये सातवा महिना असताना दाढ दुखू लागली. तालुक्याच्या डॉक्टरांनी तोंडात पाहिले आणि म्हणाले, ‘‘बाळंतपण होऊ द्या, मग बघू.’’ दोन महिने ती लवंग दाढेखाली धरून बसली. बाळंतपणानंतर तान्हे मूल टाकून कोण दवाखान्यात जाते? शेवटी दाढ गेली. नानी म्हणाली, बघा, मुलामागे दात गेला! म्हणी अशाही खऱ्या होतात.

वारे फिरले ते १९९६ मध्ये. अमेरिकेतल्या स्टीव्हन ऑफेनबाकर यांच्या गटाने मांडले, की हिरड्यांचा आजार आणि मूल वेळेआधी, कमी वजनाचे जन्मणे यांचा संबंध असावा. ज्याला हात लावायला भीत होतो, ते न करण्यातच धोका आहे की काय? २००६ मध्ये ८२३ गरोदर स्त्रियांवरच्या चाचणीचा निकाल आला. निम्म्यांच्या हिरड्यांवर गरोदरपणातच उपचार केले, निम्म्यांवर बाळंतपणानंतर. उपचारांनी वेळेआधीची बाळंतपणे काही कमी झाली नाहीत. ऑफेनबाकरांच्या बाजूने उत्साहात आलेल्यांची निराशा झाली असेल. मला मात्र त्यातली दुसरी ओळ मोलाची वाटते : उपचारांनी अपायही झाला नाही.

त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याने गरोदर स्त्रियांच्या दंतोपचाराविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही सांगितले, की दाताचा एक्स-रे, लिग्नोकेनचे इंजेक्शन, दाढ काढणे, रूट कॅनाल हे गरोदरपणात सुरक्षित आहे. टेट्रासायक्लिन मात्र टाळायचे, कारण त्याने होणाऱ्या बाळाच्या दातांवर डाग पडतात. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके पाचव्या महिन्यानंतर नकोत.

कागदावर आले म्हणून हात धजावतात असे नाही. ओरेगन राज्यातल्या दंतवैद्यांची पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. दातांवरचे उपचार गरोदरपणातल्या देखभालीचा भाग असावेत, हे ९० टक्क्यांहून अधिक जणांना मान्य होते. प्रत्यक्षात कोणता एक्स-रे काढावा, कोणते इंजेक्शन, कोणती वेदनाशामक गोळी चालते, याबाबत बऱ्याच जणांची उत्तरे सूचनांशी जुळत नव्हती. यावर आम्हाला आणखी शिकवा, असेही त्यांच्यापैकी बहुसंख्यांनी कळवले होते.