पाठ टेकली म्हणजे काय झालं?

हडपसर मागे टाकून सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे निघालात की आधी टँकरच्या रांगा लागतात, तेल कंपन्यांचे डेपो लागतात, मग कॉलेजांची होर्डिंगं. शहर कुठे संपलं आणि गाव कुठे सुरू झालं, हे आता सांगता येत नाही. पण चैत्र-वैशाखात हवेली तालुक्याच्या या पट्ट्यात यात्रा सुरू झाल्या की गावोगाव आखाडे लागतातच. सुरुवातीला पोरंसोरं रेवड्यांवर खेळतात. मग इनामाचा आकडा वाढत जातो, हलगीचा ठेका चढतो, फेटेवाले पंच दोन पैलवानांचे हात धरून मैदानाला फेरी मारतात. निकाली कुस्ती असेल तर भोवती बसलेल्या प्रत्येकाला, अगदी कडेवरच्या पोरालाही, एकच नियम माहीत असतो. पाठ टेकली की संपलं.

त्याच गर्दीत कुणाच्या तरी फोनवर यूएफसीची क्लिप चालू असते. पिंजऱ्यात एक जण चक्क पाठीवर पडलाय, दोन्ही पायांनी वरच्याला कवटाळून बसलाय, आणि समालोचक म्हणतोय की खालचाच धोकादायक आहे. शेजारच्या आजोबांना ती दाखवली तर ते म्हणतील, "अरे, हा तर मगाशीच पडला की!"

एमएमए भारी की आपली कुस्ती भारी, हा वाद आपण कमेंट्समध्ये घालतो तेव्हा ताकद, वेग, स्टॅमिना यांवरच घालतो. मला वाटतं खरा फरक आजोबांच्या वाक्यात आहे. माणूस हरला कधी, आणि हरला हे म्हणायचं कुणी? या दोन प्रश्नांचं उत्तर प्रत्येक लढाईपद्धतीने वेगळं दिलं, आणि त्या उत्तराप्रमाणे शरीरं घडवली. शंभरेक वर्षांत पद्धती एकमेकींना भिडल्या, त्यांतल्या बऱ्याच लढतींत घोळ झाला तो पाठीवरूनच.

सुरुवात गामापासून करू. 10 सप्टेंबर 1910, लंडन. समोर पोलंडचा स्टॅनिस्लॉस झबिस्को. गामाने त्याला पहिल्या काही क्षणांतच खाली घेतलं. मग झबिस्को पोटावर पसरला आणि तसाच राहिला. अडीच तासांहून जास्त वेळ! पोट गादीला चिकटलेलं, पाठ आभाळाकडे. खांदे टेकल्याशिवाय हार नाही, मग पोटावर पडलेल्या जाडजूड माणसाला उलटा करणार कसा? कुस्ती बरोबरीत सुटली. पुढच्या आठवड्यात पुन्हा लढायचं ठरलं होतं, तेव्हा झबिस्को आलाच नाही आणि पट्टा गामाला मिळाला. 1928 मध्ये पतियाळात दोघे पुन्हा भेटले, या वेळी मातीत. दोघंही पन्नाशीला टेकलेले. ही कुस्ती गामाने मिनिटाच्या आत मारली.

आता कल्पना करा, 1910 ची ती लढत आजच्या पिंजऱ्यात झाली असती तर? पोटावर पडणं हा कुस्तीतला सगळ्यात सुरक्षित बचाव. एमएमएत तीच सगळ्यात वाईट जागा, कारण तुम्ही समोरच्याला स्वतःची पाठ आणि मान आयती दिलेली असते. मागून गळ्याभोवती हात पडला की काही सेकंदांत शुद्ध जाते. झबिस्कोला अडीच तास मिळाले ते त्या नियमांच्या कृपेने.

आपल्याकडे ही भिडंत सगळ्यात जवळून अनुभवली ती गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले तेव्हा गादी आणि आंतरराष्ट्रीय नियम, दोन्ही त्यांना नवखे होते. सहावे आले. 1952 ला हेलसिंकीला जाण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून पैसे उभे केले, तो किस्सा तुम्ही ऐकला असेल. कांस्यपदक तर सगळ्यांनाच माहीत आहे. कमी सांगितला जातो तो शोहाची इशी. खाशाबांना हरवून पुढे सुवर्ण जिंकणारा हा जपानी मल्ल मुळात ज्युदोचा खेळाडू. महायुद्धात जपान हरला, ज्युदोवर बंदी आली, म्हणून तो कुस्तीकडे वळला. म्हणजे हेलसिंकीच्या त्या गादीवर कोल्हापूरच्या तालमीतली माती आणि टोकियोच्या डोजोतला ज्युदो समोरासमोर आले होते, आणि नियम दोघांचेही नव्हते.

त्या लढतीनंतर खाशाबांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवशी खेळायला बोलावलं गेलं. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यायचा नियम होता. तो दाखवून भांडायला तिथे भारताचा एकही अधिकारी नव्हता. दमलेले खाशाबा हरले. गावच्या आखाड्यात असा अन्याय झाला असता तर अख्खं मैदान उभं राहिलं असतं, पंचाला घरी जाणं मुश्कील झालं असतं. गादीवर बाजू मांडायची तर नियमपुस्तक वाचलेला, इंग्रजी बोलणारा माणूस सोबत लागतो. मातीतून गादीवर येताना डाव बदलावे लागतात हे सगळे सांगतात. बोलणारा माणूसही सोबत न्यावा लागतो, हे खाशाबांना किंमत मोजून कळलं.

"आपली कुस्ती म्हणजे सभ्य खेळ, एमएमए म्हणजे रक्तपात" असं कुणी म्हणालं की मला बडोद्याची आठवण होते. मराठी गायकवाडांच्या दरबारात 1860 च्या दशकात फ्रेंच प्रवासी लुई रूसले गेला होता. तिथे त्याने पाहिलेल्या कुस्तीत मल्लांच्या मुठीवर शिंगाची नखं बांधलेली असत. वज्रमुष्टीचाच हा प्रकार. रक्त वाहायचं, कातडी फाटायची, आणि दरबार बघत बसायचा. त्यापुढे यूएफसीचे हातमोजे म्हणजे दयाच म्हणायची. परंपरेच्या पोटातही किती तरी परंपरा असतात. आपण आज 'पारंपरिक कुस्ती' म्हणतो ती त्यांतली टिकलेली एक.

आणि परंपरा गप्प बसून राहत नाही. मल्लखांबाची गोष्ट अशी सांगतात, की दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन मल्ल पुण्यात येऊन आव्हान देऊ लागले. बाळंभटदादा देवधरांनी ते उचललं, वणीच्या सप्तशृंगीला जाऊन तयारी केली, लाकडी खांबावरची कसरत त्यातून पुढे आली, आणि अली हरला. यात कथा किती आणि इतिहास किती, ते बाजूला ठेवू. पण पुण्याने जपलेली ही गोष्ट काय सांगते बघा. बाहेरचा ताकदवान आला तेव्हा आपल्या माणसाने नवीन काही तरी शोधलं. 'आमच्या पूर्वजांनी सगळं आधीच केलंय' असं त्यात कुणी म्हणत नाही.

1976 मध्ये जपानच्या अँटोनियो इनोकीने सहा महिन्यांत दोन लढती केल्या. जूनमध्ये टोकियोत समोर मुहम्मद अली. बॉक्सरच्या ठोशांपासून वाचायला इनोकी पंधरा फेऱ्यांतला बहुतेक वेळ पाठीवर पडून लाथा मारत राहिला. लढत बरोबरीत सुटली, प्रेक्षक वैतागले. पाठीवर पडलेला माणूस हरलेला नाही, हे तेव्हा जगाला पटलं नव्हतं. डिसेंबरमध्ये तो कराचीत उतरला. समोर अक्रम पहिलवान, गामाचा पुतण्या. इनोकीने त्याचा हात पिरगळून धरला. कुस्तीच्या संस्कारात वाढलेला अक्रम हार मानेना. हाताला गंभीर इजा झाली तेव्हा लढत थांबली.

तालमीत शड्डू ठोकतात तो लढत सुरू करायला. मांडीवर पडलेली ती थाप म्हणजे आव्हान. एमएमएत हाताची थाप जमिनीवर पडते ती 'सोड, हरलो' म्हणून. हार जाहीर करायचा हक्क तिथे हरणाऱ्याच्याच हातात असतो. अक्रमच्या कुळात असा हक्क कुणाला शिकवलेला नव्हता. तो अपमान वाटला असणार. मला मात्र ही थाप या नव्या खेळातली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. हात मोडेपर्यंत गप्प राहण्यात मर्दुमकी आहे असं शिकवणारा वस्ताद कितीही मोठा असला, तरी मोडलेला हात पठ्ठ्याचा असतो.

मग 1993 मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला यूएफसीची पहिली स्पर्धा झाली. सुमो, कराटे, बॉक्सिंग, सगळे आले, आणि जिंकला ब्राझीलचा किडकिडीत रॉयस ग्रेसी. त्याची ज्युजित्सू मुळात ब्राझीलला गेलेल्या मित्सुयो माएदा या ज्युदोवाल्याकडून त्याच्या घराण्यात आलेली. पुढच्या वर्षी, डिसेंबर 1994 मध्ये, त्याची गाठ डॅन सेव्हर्न या अमेरिकन कुस्तीगिराशी पडली. पंधरा मिनिटं सेव्हर्न वर, ग्रेसी खाली पाठीवर. लोणी काळभोरच्या आजोबांनी पहिल्या मिनिटातच टोपी उडवली असती. पण शेवटी ग्रेसीने खालूनच पायांचा फास गळ्याभोवती आवळला आणि सेव्हर्नने थाप मारली.

यावरून कुस्ती कुचकामी ठरली असं समजू नका. दागेस्तानचा खबीब नुरमागोमेदोव 29 लढतींत एकदाही न हरता 2020 मध्ये निवृत्त झाला, आणि त्याचं मुख्य हत्यार होतं माणसाला खाली घेऊन दाबून ठेवणं. आपल्या भाषेत सवारी. फरक एवढाच की खांदे टेकवून त्याचं काम संपत नव्हतं, तिथून सुरू व्हायचं.

आपल्याकडे एमएमए झगमगाटात आलं ते मार्च 2012 मध्ये, राज कुंद्रा आणि संजय दत्त यांच्या सुपर फाइट लीगमधून, अंधेरीच्या क्रीडा संकुलात. त्या लीगमधून नाव झालेला भरत खंडारे नोव्हेंबर 2017 मध्ये शांघायला यूएफसीच्या पिंजऱ्यात उतरला. सोंग यादोंगने त्याला पहिल्याच फेरीत गिलोटिन चोकने हरवलं. हा फास नेमका कुस्तीवाल्याचा शत्रू. पट काढायला डोकं खाली घालून घुसलात की मान समोरच्याच्या काखेत जाते. मातीत तुम्ही ती बिनधास्त द्यायला शिकलेले असता, कारण तिथे मान आवळून कुणी कुस्ती जिंकत नाही. हरियाणाची रितू फोगाट कुस्ती सोडून वन चॅम्पियनशिपमध्ये गेली, बऱ्याच लढती जिंकली, आणि डिसेंबर 2021 च्या ग्रां प्री फायनलमध्ये स्टँप फेअरटेक्सने तिला आर्मबारने हरवलं. वर्षानुवर्षं घोटलेली सवयच पिंजऱ्यात उलटते. ती मोडायला नवीन डाव शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

एमएमएवाले म्हणतात, आमच्याकडे नियम कमी, म्हणून आमचीच लढत खरी. पहिल्या यूएफसीपुरतं ते थोडंफार खरं होतं. पुढे वजनगट आले, हातमोजे सक्तीचे झाले, पाच मिनिटांच्या फेऱ्या आल्या, तीन परीक्षक आले. आता निकालावरून तिथेही तेवढीच भांडणं होतात.

आणि आपल्या मातीत? जानेवारी 2023, कोथरूड, महाराष्ट्र केसरी. माती विभागात महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखला बाहेरची टांग मारली आणि पंचांनी चार गुण दिले. सिकंदरची पाठ धोक्याच्या स्थितीत गेली होती की नाही, चार गुण की दोन, यावर महाराष्ट्र आठवडाभर फोनवर व्हिडिओ मागेपुढे करत बसला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्पर्धा पुन्हा झाली ती लोणी काळभोरच्याच हवेली तालुक्यात, फुलगावला. तिथे शिवराज राक्षेला हरवून सिकंदरने गदा घेतली. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला गादी विभागात पृथ्वीराज मोहोळविरुद्ध पंचांनी राक्षेला चितपट ठरवलं. पाठ टेकलीच नाही, असं म्हणत राक्षेने पंचांना लाथ मारली. किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाड गुणांवरून वाद घालून मैदान सोडून गेला. मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला, आणि राक्षे व गायकवाड दोघांवर तीन वर्षांची बंदी आली.

लाथेचं समर्थन कुणी करू नये. पण तो राग कुठून आला हे समजतं. एकेकाळी पाठ टेकली की नाही हे हजारो डोळ्यांना एकदम दिसायचं, आणि पंच फक्त ते बोलून दाखवायचा. आता ते सेकंदाच्या तुकड्यात घडतं, एक माणूस शिट्टी वाजवतो, आणि ज्याची पाठ आहे त्याचं म्हणणं कुणी विचारत नाही. ना मैदान साक्षीला, ना थाप मारायचा हक्क.

महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी हे दोन विभाग अजून वेगळे आहेत. पण किताबाची शेवटची लढत अलीकडे गादीवर होते. मातीतून जिंकून आलेल्याला त्या दिवशी आपला हौदा सोडून यावं लागतं. गादीवाल्याला मातीत उतरावं लागत नाही.